पाच माणसं, एक हायलँडर आणि हलका ट्रेलर : वजनाच्या नोंदी

14 जानेवारी

आज घरात ठरलं. या उन्हाळ्यात तंबू बंद, ट्रेलर घ्यायचा.

तीन वर्षं आम्ही मिशिगनच्या स्टेट पार्कांमध्ये तंबू ठोकून राहतोय. गेल्या ऑगस्टमध्ये लडिंग्टनला रात्रभर पाऊस लागला. माझ्या सासूबाई दरवर्षी एप्रिलअखेर सांगलीहून येतात आणि ऑक्टोबरात परत जातात. त्या रात्री दोन वाजता त्यांना छत्री धरून, चिखलातून, बाथरूमच्या इमारतीपर्यंत न्यावं लागलं. आई बोलल्या काहीच नाहीत, पण सकाळी खुर्चीतून उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले होते. तेव्हापासून माझ्या डोक्यात हे घोळत होतं.

गाडी 2018 ची टोयोटा हायलँडर, व्ही6, ऑल व्हील ड्राइव्ह. ओढायची क्षमता 5,000 पौंड, म्हणजे साधारण 2,270 किलो. ट्रेलरसाठी पिकअप घ्यायचा नाही. या गाडीत जे बसेल तेच. बजेट 12,000 डॉलर. हव्या असलेल्या गोष्टी तीनच: आईंसाठी खाली, न चढता झोपता येईल असा पलंग, आत संडास, आणि पाच जणांना झोपायला जागा.

नोंदी ठेवतेय कारण मधल्या आकाराची एसयूव्ही आणि पाच माणसं असा पूर्ण हिशेब मला एका जागी कुठे सापडला नाही.

4 फेब्रुवारी

नोव्हीत आरव्हींचं, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्या-ट्रेलरांचं, प्रदर्शन होतं, घरापासून दहा मिनिटांवर. मुलं प्रत्येक ट्रेलरच्या बंकवर चढून आली. एका 26 फुटी ट्रेलरवर आम्ही सगळेच भाळलो: मागे दुमजली बंक, पुढे डबल बेड, मध्ये सोफा. विक्रेत्याने विचारलं, गाडी किती ओढते? म्हटलं, 5,000. तो म्हणाला, याचं ड्राय वेट, म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन, 4,250, म्हणजे साडेसातशे पौंड शिल्लक राहतात, निश्चिंत राहा. प्रदर्शनापुरती सूट होती. 500 डॉलर भरून ट्रेलर राखून ठेवला.

या सगळ्या कामातली सर्वांत मोठी चूक हीच. आकडे घरी जाऊन तपासते आणि उद्या सांगते, एवढंच म्हणायला हवं होतं.

11 फेब्रुवारी

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर टायरच्या दाबाचं स्टिकर दिसतं. त्याच्या वरच्या ओळीत लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर वजन जाता कामा नये. आमच्या गाडीवर तो आकडा 1,395 आहे. ट्रेलर घेणाऱ्याने आधी हा आकडा बघावा, 5,000 नंतर. तीन वर्षं मी ते दार दिवसातून चार वेळा उघडतेय आणि ती ओळ आज पहिल्यांदा वाचली.

ट्रेलरचा पुढचा भाग हिचच्या (गाडीला ट्रेलर जोडायच्या सांध्याच्या) बॉलवर जो भार टाकतो त्याला टंग वेट म्हणतात. तो गाडीच्या पाठीवर येतो, म्हणून या 1,395 मधूनच वजा होतो. भरलेल्या ट्रेलरच्या 10 ते 15 टक्के टंग वेट असावं लागतं. कमी झालं तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, जास्त झालं तर गाडी मागून बसते आणि पुढची चाकं हलकी होतात.

रात्री बाथरूममधला वजनकाटा आणून सगळ्यांना त्यावर उभं केलं. आई इथे नाहीत, त्यांचं वजन फोनवर विचारलं. मी 140, नवरा 178, आई 128, मुलगी 84, धाकटा 55. एकूण 585.

1,395 मधून 585 गेले, उरले 810. गाडीखाली बसणारा हिचचा रिसीव्हर 40 पौंड. भार सगळ्या चाकांवर वाटून देणारा हिच घेतला तर त्याचे 75. गाडीतलं सामान म्हणजे कूलर, कपडे, मुलांच्या पिशव्या, हत्यारांची पेटी मिळून 150. उरले 545. शिवाय आम्ही बघितलेल्या रिसीव्हरची टंग वेटची स्वतःची मर्यादा 500. म्हणजे 500 च्या वर जायचंच नाही. टंग वेट 13 टक्के धरलं तर 500 ला साधारण 3,850 पौंडांचा भरलेला ट्रेलर येतो.

5,000 नाही, 3,850. आणि तोही भरलेला, रिकामा नव्हे.

राखून ठेवलेला ट्रेलर रिकामा 4,250. पाणी, गॅस, बॅटरी, भांडी, अंथरुणं धरून 800 पौंड चढले तर 5,050, आणि त्याचं 13 टक्के टंग वेट 656. म्हणजे तिन्ही मर्यादा एकदम ओलांडल्या.

हे असं का होतं तेही कळलं. ओढण्याची क्षमता जे2807 नावाच्या पद्धतीने ठरवतात, आणि तिच्यात गाडीत प्रत्येकी 150 पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात. आम्ही पाच आहोत.

12 फेब्रुवारी

डीलरला फोन करून ट्रेलर नको म्हणून सांगितलं. आधी त्यांनी 'सगळे असंच ओढतात' म्हणून समजावलं, मग पैसे परत देऊ म्हणाले.

(नंतरची भर: 500 डॉलर परत मिळायला पाच आठवडे आणि चार फोन लागले. पावतीवर 'परत मिळेल' असं लिहून घेतलं होतं म्हणून मिळाले.)

3 मार्च

नवा नियम: भरलेला ट्रेलर 3,600 च्या आसपास, 3,850 च्या वर काही झालं तरी नाही. यात बसणारे प्रकार बघितले.

पॉप-अप, म्हणजे कापडी बाजूंचे घडीचे ट्रेलर, सर्वांत हलके आणि स्वस्त. पण बहुतेकांत संडास नाही. शिवाय पावसात भिजलेलं कापड घरी आणून पुन्हा उघडून वाळवावं लागतं, नाहीतर बुरशी धरते. आमच्या घराच्या ड्राइव्हवेवर तेवढी जागा नाही.

ए-फ्रेम, अलायनरसारखे: भिंती पक्क्या, दोन माणसं पटकन उभा करतात. पण छत त्रिकोणी असल्याने मधोमधच सरळ उभं राहता येतं, आणि पाच जण झोपत नाहीत.

फायबरग्लासचे स्कॅम्प, मिनेसोटातल्या बॅकसला बनतात. अंड्यासारखे गोल, सांधे कमी म्हणून गळायची भीती कमी, आणि जुने झाले तरी किंमत फारशी उतरत नाही. दोघांसाठी, तिघांसाठी मी डोळे झाकून हाच घेतला असता. पण 16 फुटी स्कॅम्पमध्येही पाच जण आणि आईंचा वेगळा पलंग बसत नाही.

हायब्रिड, म्हणजे खोका पक्का आणि दोन टोकांना कापडी पलंग बाहेर निघतात असे. वजन चालतं. याच्यावर मन बसलं होतं.

शेवटी साधा 17 फुटी खोका: एक ऍक्सल, मागे बंक, पुढे पलंग, सरकून बाहेर येणारी भिंत नाही. या सरकत्या भिंतीने जागा वाढते, पण वजनही कित्येक शे पौंडांनी वाढतं. आमच्या मर्यादेत ती बसवायचीच नाही.

23 मार्च

हिच बसवला. दोन इंची रिसीव्हर, मजुरीसह 410 डॉलर.

इथे दुसरी चूक. वायरिंगचं विचारल्यावर मी 'दिवे लागले की झालं' म्हटलं आणि 4 पिनचं बसवून घेतलं, 85 डॉलर. 4 पिनमधून फक्त मागचे दिवे, ब्रेकचे दिवे आणि वळायचे दिवे चालतात. 3,000 पौंडांच्या ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात, त्यांना गाडीतून वीज लागते, आणि ती 7 पिनमधूनच जाते. ते 85 डॉलर पाण्यात गेले.

6 एप्रिल

7 पिनचं वायरिंग आणि ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारं यंत्र), मजुरीसह 390. कंट्रोलर स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ लावला. बसवणाऱ्याला मी आधी बसून जागा दाखवली, नाहीतर प्रत्येक वेळी उतरताना गुडघा आपटला असता.

28 एप्रिल

आई आल्या. प्रवासाचा शीण उतरायला चार दिवस दिले आणि आज त्यांना घेऊन दोन ठिकाणी ट्रेलर बघायला गेलो. हे फेब्रुवारीत करता येणार नव्हतं, पण त्यांना न दाखवता घेतला असता तर चुकीचाच घेतला असता.

आईंनी ट्रेलर बघितले ते आमच्यासारखे नाहीत. पायरीवर पाय ठेवून आधी दाराचा दांडा हलवून पाहिला. पलंगावर बसून पाय जमिनीला पूर्ण टेकतात का ते पाहिलं. मग संडासात जाऊन दार लावून घेतलं. आतून आवाज आला, "अगं, बसता येतं, पण उठायला धरायला काही नाही." एका ट्रेलरमध्ये गुडघा दाराला लागत होता, तो तिथेच बाद झाला.

हायब्रिडचा कापडी पलंग चढून जायला छातीएवढा उंच निघाला. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. हायब्रिड बाद.

17 फुटी खोक्यात त्या ओट्याजवळ उभ्या राहिल्या, शेगडीवर तळहात पालथा धरून वरच्या कपाटापर्यंतची उंची मोजली. "कुकर बसेल. शिट्टी वर लागणार नाही." मग पुढच्या पलंगावर आडव्या झाल्या आणि मिनिटभर डोळे मिटून पडल्या. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला.

4 मे

नवा घेतला तर बजेटच्या बाहेर. सुदैवाने हे ट्रेलर बहुतेक शेजारच्या इंडियानात, एल्कहार्टच्या परिसरात बनतात, त्यामुळे मिशिगनमध्ये जुने भरपूर मिळतात.

पहिला जुना ट्रेलर बघायला 120 मैल गेलो. फोटोत चकचकीत होता. मी 35 डॉलरचं ओल मोजायचं यंत्र नेलं होतं, दोन सुया लाकडात टोचायच्या आणि आकडा वाचायचा. कोरड्या भिंतीत 9-10 येत होता, पुढच्या डाव्या कोपऱ्यात गादीखाली 22. बोटाने दाबलं तर प्लायवूड आत गेलं. छताच्या सांध्यातून पाणी येऊन तिथे मुरत होतं. मालक भला माणूस होता, त्यालाही माहीत नव्हतं. एक शनिवार गेला, पण त्या 35 डॉलरांनी अख्खा ट्रेलर वाचवला.

गादी उचलून कोपरे बघितल्याशिवाय जुना ट्रेलर घेऊ नका. बाहेरून भिंतीला उजेड तिरपा पाडून फुगवटे दिसतात का तेही बघा.

18 मे

ट्रेलर घेतला. 2019 चा, 17 फुटी खोका, एका कुटुंबाकडून. 11,800 डॉलर. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण पुढे लिहिणार आहे ते याच नव्हे, बहुतेक सगळ्या ट्रेलरांना लागू आहे.

जाहिरातीच्या पुस्तिकेत याच मॉडेलचं ड्राय वेट 2,900 छापलंय. ट्रेलरवरच्या कारखान्याच्या स्टिकरवर 3,060. एसी, दारावरचं उघडमिट कापडी छप्पर, सुटं चाक असे जादा घेतलेले भाग पुस्तिका धरत नाही. भरून कमाल 3,850. म्हणजे सामानाला 790.

दाराजवळच्या स्टिकरवर आणखी एक ओळ असते: पाण्याची टाकी पूर्ण भरली तर त्या पाण्याचं वजन किती, आणि ते सामानातच धरायचं. आमची टाकी 26 गॅलनची. गॅलनला 8.3 पौंड, म्हणजे 216 पौंड फक्त पाणी. ही ओळ मी वाचली होती. (नंतरची भर: तिचा अर्थ जूनमध्ये कळला.)

25 मे

कागदपत्रं झाली. मिशिगनमध्ये ट्रेलरची नंबर प्लेट कायमची मिळते, दरवर्षी नूतनीकरण नाही. रिकामं वजन 2,500 पौंडांच्या वर असल्याने 200 डॉलर. टायटलचे, म्हणजे मालकीच्या कागदाचे, 15. विक्रीकर 6 टक्के, 708.

टायर: बाजूच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे 2318, म्हणजे 2018 च्या 23 व्या आठवड्यात बनलेले. नक्षी नव्यासारखी होती, पण ट्रेलरचे टायर घासून संपत नाहीत, उभे राहून आणि उन्हाने संपतात. दोन्ही बदलले, 270 डॉलर. जुने सी भारश्रेणीचे होते, 50 पीएसआय दाबाला प्रत्येकी 1,760 पौंड, दोन मिळून 3,520. आमच्या ऍक्सलच्या जेमतेम बरोबरीने. डी श्रेणीचे घेतले, 65 पीएसआयला 2,040. घेण्याआधी रिमवर कोरलेला दाब बघितला, कारण रिम 65 ला चालत नसेल तर टायर बदलून काही साधत नाही.

बेअरिंग उघडून ग्रीस बदलून घेतलं, 180. एका बाजूचं ग्रीस काळं आणि कोरडं होतं.

भार वाटून देणारा हिच वापरलेला मिळाला, 430. हा घेण्याआधी तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये तो चालतो का ते बघा. काही गाड्यांच्या कंपन्या तो वापरू नका म्हणतात.

8 जून

पहिली सफर, मुद्दाम जवळची: ब्रायटन रिक्रिएशन एरिया, बिशप लेक. काही राहिलं तर घरी परत येता येईल म्हणून.

आदल्या रात्री मी ट्रेलर भरला. पाण्याची टाकी काठोकाठ. मुलांच्या दोन सायकली मागच्या बंपरवर रॅक लावून. खुर्च्या आणि चटई मागे बंकखाली. पुढच्या कप्प्यात काहीच नाही. तो 'मोकळा ठेवू, घाईच्या वेळी लागेल' असा माझा विचार.

वजन केलं नव्हतं. फेब्रुवारीपासून कागदावर पौंड मोजत होते आणि प्रत्यक्ष निघताना काट्यावर गेले नाही.

आय-96 महामार्गावर केन्सिंग्टनच्या अलीकडे, ताशी 60 मैलांवर, एक मोठा ट्रक डावीकडून पुढे गेला. त्याचा वारा आधी ट्रेलरला ढकलतो आणि मग ओढतो. ट्रेलर उजवीकडे गेला, डावीकडे आला, पुन्हा उजवीकडे, आणि दर वेळी थोडा जास्त. गाडीचं मागचं टोक त्याच्याबरोबर सरकत होतं. स्टिअरिंग माझ्या हातात होतं पण गाडी नव्हती. नवऱ्याने ट्रेलरच्या ब्रेकचा लिव्हर हाताने दाबला, मी ऍक्सिलरेटर सोडला आणि गाडीच्या ब्रेकला पाय लावला नाही. चार-पाच सेकंदांत ट्रेलर मागून ताणला गेला आणि सरळ झाला. नंतर कळलं की हेच बरोबर होतं. गाडीचे ब्रेक दाबले असते तर ट्रेलर अंगावर आला असता.

कडेला थांबलो. धाकटा रडत होता. माझे हात थरथरत होते.

आई खाली उतरल्या, ट्रेलरच्या मागे गेल्या, सायकली बघितल्या, पुढे आल्या, आणि हिचकडे बघत म्हणाल्या, "अगं, गाडी उलाळ झालीय."

आईंचं माहेर तासगावकडच्या एका शेतकरी घरातलं. बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं, गाडी मागे कलते, त्याला उलाळ म्हणतात. ऊस भरताना त्यांचे वडील आखाच्या पुढे किती आणि मागे किती हे हाताने जू उचलून बघायचे. जू मानेवर बसलं पाहिजे, पण बैल दबला नाही पाहिजे. मी चार महिने टंग वेटवर जे वाचत होते ते सगळं त्या शब्दात होतं. ट्रेलरचं ऍक्सल म्हणजे आख, आणि मी पाणी, सायकली, खुर्च्या सगळं आखाच्या मागे घातलं होतं.

तिथून 45 च्या वेगाने, उजव्या लेनमधून, पुढच्या एक्झिटने उतरून आतल्या रस्त्यांनी तळावर गेलो.

9 जून

सकाळी तळावरून निघून डेक्स्टरजवळच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलला गेलो. हा ट्रकांचा काटा असतो, तीन वेगळ्या पट्ट्यांचा. पुढची चाकं पहिल्या पट्टीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलर तिसऱ्यावर. चिठ्ठीवर तिन्ही वजनं वेगळी येतात. तेव्हा पहिल्या वजनाचे पंधरा डॉलरांच्या आत पडत होते, लगेच परत केलं तर चार-पाच डॉलर.

टंग वेट काढायचं असेल तर भार वाटणाऱ्या हिचचे दांडे सैल करून वजन करा. दांडे ताणलेले असले की काही भार ट्रेलरच्या चाकांवर परत जातो आणि हिशेब चुकतो. आमचं पहिलं वजन त्यामुळे वाया गेलं.

दांडे सैल, सगळे गाडीत बसलेले: पुढे 2,640, मागे 3,160, ट्रेलर 3,320.
मग पार्किंगमध्ये ट्रेलर सोडून फक्त गाडी: पुढे 2,760, मागे 2,760.

जोडलेली असताना गाडीची दोन्ही ऍक्सलं मिळून 5,800, सोडल्यावर 5,520. फरक 280, हेच टंग वेट. ट्रेलरचं पूर्ण वजन 3,320 आणि 280 मिळून 3,600. टक्केवारी 7.8.

10 च्या खाली. आणि गाडी माझ्या कागदी हिशेबापेक्षा 65 पौंड जड निघाली. रबरी मॅट, मागच्या डिकीत कायम पडलेली खोकी, मुलांची खेळणी. हे कोणी मोजत नाही.

काट्यावरच टाकीचा नळ उघडायचा मोह झाला होता. तळावर परत जाऊन योग्य जागी सोडलं.

15-16 जून

पूर्ण शनिवार-रविवार ड्राइव्हवेवर गेला. सगळं बाहेर काढलं, बाथरूमच्या काट्यावर एकेक वस्तू तोलली आणि वहीत लिहिली. स्वयंपाकाचं खोकं 61 पौंड: पाच लिटरचा कुकर, कढई, तवा, पोळपाट-लाटणं, कणीक, तांदूळ, डाळी, मिसळणाचा डबा. अंथरुणं 48. खुर्च्या-चटई 30. नळ्या, केबल, चाकांच्या अडण्या 24. सायकली आणि रॅक मिळून 70.

बदल असे केले. टाकी रिकामी ठेवून प्रवास, तळावर गेल्यावर भरायची. पिण्याचं पाणी गाडीत एका कॅनमध्ये. सायकलींचा रॅक काढून टाकला, सायकली ट्रेलरच्या आत, ऍक्सलच्या बरोबर वर, चादरीत गुंडाळून पट्ट्याने बांधल्या. बंपरवर टांगलेलं वजन ऍक्सलपासून सर्वांत लांब असतं, म्हणून त्याचा परिणाम त्याच्या पौंडांपेक्षा खूप मोठा होतो. शिवाय असे पातळ बंपर रॅकसाठी बनवलेलेच नसतात. आमच्या बंपरच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर आली होती.

खुर्च्या, नळ्या, हत्यारं पुढच्या कप्प्यात. गाडीतला 60 पौंडांचा कूलर ट्रेलरच्या जमिनीवर, मध्यभागी.

22 जून

पुन्हा काटा. फक्त गाडी 5,460. दांडे सैल ठेवून ट्रेलर जोडल्यावर पुढे 2,560, मागे 3,340, ट्रेलर 2,980. टंग वेट 440, ट्रेलर 3,420, म्हणजे 12.9 टक्के.

दांडे ताणल्यावर पुढे 2,680, मागे 3,180, ट्रेलर 3,020. पुढच्या चाकांवरचे उचललेले 180 पैकी 120 पौंड परत आले. गाडीची कमाल मर्यादा 6,000, आणि आम्ही 5,860. फार मोकळीक नाही, पण मर्यादेत आहोत आणि आकडा माझ्या हातात छापील आहे.

मग रिकाम्या पार्किंगमध्ये ब्रेक कंट्रोलरचा जोर जुळवला. ताशी 20-25 मैलांवर फक्त ट्रेलरचा लिव्हर दाबायचा, चाकं अडकून घसटेपर्यंत जोर वाढवायचा, मग थोडा कमी करायचा. वजन बदललं की हे पुन्हा करायचं. ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी पिनही ओढून बघितली. ती ओढल्यावर काहीच झालं नाही. ट्रेलरची बॅटरी उतरलेली होती. बॅटरी चार्ज केल्यावर चाकं अडकली. प्रत्येक सफरीआधी ही तपासणी आता यादीत पहिली आहे.

6 जुलै

बिशप लेक, दुसऱ्यांदा. आय-96 वर 60 च्या वेगाने चार ट्रक पुढे गेले. ट्रेलरला हलका धक्का जाणवला, शेपूट हललं नाही. तरी पहिला ट्रक आरशात दिसला तेव्हा मी श्वास रोखून धरला होता.

आत फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो. तो काढून ठेवायचा नाही. फोडणीसाठी बाहेरची शेगडी घेतली, 14 पौंड, यादीत चढवली.

संडासात आईंसाठी धरायचा दांडा बसवला. भिंत पातळ प्लायची, आत लाकडी पट्टी कुठे आहे ते ठोकून शोधलं आणि तिच्यातच स्क्रू घातले. नुसत्या प्लायमध्ये लावला असता तर पहिल्याच दिवशी हातात आला असता.

17 ऑगस्ट

लडिंग्टन. आय-96 ने पश्चिमेला, मग यूएस-31 ने उत्तरेला. तंबूच्या वेळी चार तास लागायचे, आता साडेपाच. 60 च्या वर जात नाही, आणि दर दीड तासाला उतरून चाकाच्या मध्यभागाला हात लावून बघते. दोन्ही बाजू सारख्याच कोमट असल्या पाहिजेत. एक जास्त तापलं तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक.

मायलेज एरवी गॅलनला 22 मैल, ट्रेलर ओढताना साडेअकरा. समोरून वारा असला की दहा. वजनापेक्षा सपाट पुढची भिंत जास्त तेल खाते असं मला आता वाटतं.

दुसऱ्या रात्री पाऊस आलाच. छतावर टपटप सुरू झाल्यावर मला जाग आली. आई उठल्या, दांडा धरून संडासात गेल्या, येऊन पलंगावर बसल्या, पाय पांघरुणात घेतले आणि झोपल्या. दिवा लावायचीही गरज पडली नाही.

खर्च, 1 सप्टेंबरपर्यंत

ट्रेलर आणि कर 12,508. प्लेट आणि टायटल 215. रिसीव्हर 410. वाया गेलेलं वायरिंग 85. 7 पिन आणि कंट्रोलर 390. हिच 430. टायर 270. बेअरिंग 180. एकूण 14,488 डॉलर. काट्याचे, ओल मोजायच्या यंत्राचे आणि किरकोळ सामानाचे वेगळे. बजेट 12,000 होतं. ज्यांचं खरंच 12,000 आहे त्यांनी ट्रेलर साडेनऊ हजारांच्या वर बघू नये. जोडणीला, टायरला आणि सरकारला उरलेले लागतात.

वेळ: चार महिने शोध, त्यातले पहिले चार आठवडे चुकीच्या ट्रेलरमागे.

13 ऑक्टोबर

आई परवा सांगलीला गेल्या. आज ट्रेलर थंडीसाठी बंद केला. नळ्यांतलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरलं. पहिले दोन गॅलन कुठे गेले कळेना. गरम पाण्याच्या टाकीचा बायपास फिरवायचा राहिला होता, सगळं तिच्यात गेलं. ती सहा गॅलनची आहे. बायपास फिरवल्यावर पुढच्या दोन गॅलनांत सगळ्या नळांना गुलाबी पाणी आलं.

बॅटरी काढून गॅरेजमध्ये ठेवली. टायरखाली फळ्या घातल्या. दोन्ही वेळच्या काट्याच्या चिठ्ठ्या आणि वजनांची वही हायलँडरच्या ग्लव्ह बॉक्समध्ये आहे. मेमध्ये धाकट्याला पुन्हा काट्यावर उभं करायचं आहे, उन्हाळ्यात तो पाच पौंडांनी वाढला.